तोडलेल्या फुलांचा टिकाऊपणा : शिरगावची मोगरी आणि फुलदाणीतील फूल



वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीची जत्रा भरते. गोव्याच्या सर्व भागांतून, तसेच शेजारच्या महाराष्ट्र आणि कर्नाटक राज्यांतून धोंड भक्तगण व्रतस्थ राहून या जत्रेस येतात. तळीवर स्नान करून ते रात्रीच्या उत्तरार्धात होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालतात. त्यांच्या हातात वेत असतो आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा असतात. मोगरी हे देवीचे आवडते फूल मानले जाते. लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी असल्याची लोकश्रद्धा गोमंतकात सर्वश्रुत आहे. पूर्वी देवळातून सायबिणीच्या फेस्ताला तेल जात असे आणि म्हापशाहून जत्रेसाठी मोगरीची परडी शिरगावला येत असे, असे जुनी मंडळी सांगतात. सारांश, या जत्रेत फुलाला जे स्थान आहे ते अन्य कोणत्याही वस्तूला नाही.

परंतु फुलवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार अतिशय अवघड आहे. मोगऱ्याची कळी भल्या पहाटे तोडावी लागते आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलू लागते. धोंड होमकुंडातून जातात तो समय मात्र मध्यरात्रीनंतरचा. म्हणजे पहाटे झाडावरून उतरलेली कळी दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत, सुमारे चोवीस तास, तीही वैशाखाच्या उकाड्यात, टिकवून धरायची असते. या चोवीस तासांत जी माळ तपकिरी पडते ती कोणी घेत नाही. समजा, एखाद्या बाईने शंभर माळा ओवल्या आणि त्यांतील पंचवीस खराब झाल्या, तर तिचा नफा चौथ्या हिश्श्याने घटला असे होत नाही. कळ्यांची किंमत, तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि ओवण्याचे श्रम शंभरही माळांवर झालेले असतात. त्यामुळे पुष्कळदा त्या पंचवीस माळांतच तिची सगळी कमाई गेलेली असते.

हे नुकसान टाळता येते काय, आणि त्यासाठी हल्ली बोलबाला असलेली परिरक्षक द्रव्ये वापरावीत काय, हा या भाषणाचा विषय आहे.

तोडलेले फूल जिवंत असते

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. देठ तुटला म्हणून फूल मरत नाही. ते श्वसन करीत राहते. झाडावर असताना पानांनी तयार केलेली साखर त्यास मिळत होती, मुळांनी शोषलेले पाणी मिळत होते. तोडणीनंतर हे दोन्ही पुरवठे बंद होतात आणि जवळच्या शिदोरीवर दिवस काढण्याची पाळी फुलावर येते. ही शिदोरी चार कारणांनी लवकर संपते.

पहिले कारण उष्णता. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग सर्वसाधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. शिवाय श्वसनातून स्वतः फुलेही उष्णता बाहेर टाकतात. पोत्यात दाबून भरलेल्या कळ्यांत हात घातला तर आतला भाग गरम लागतो, तो यामुळेच.

दुसरे कारण पाण्याचा ऱ्हास. फुलाच्या वजनाचा फार मोठा भाग पाण्याचा असतो. पाकळीला पानासारखी जाड त्वचा नसल्यामुळे वारा आणि ऊन लागताच ती कोमेजते.

तिसरे कारण सूक्ष्म जंतू आणि बुरशी. चिरडलेल्या पाकळीवर, ओल्या दाबलेल्या ढिगात आणि फुलदाणीच्या शिळ्या पाण्यात ती झपाट्याने वाढतात.

चौथे कारण इथिलीन नावाचा वायू. पिकणारी फळे हा वायू सोडतात आणि त्याच्या अल्पशा अंशानेही अनेक जातींची फुले लवकर म्हातारी होतात. जत्रेचे दिवस हे आंब्यांचेही दिवस असतात. ज्या खोलीत गवतात आंबे पिकत घातलेले असतात, त्याच खोलीत फुलांच्या परड्या ठेवण्याचा प्रघात अनेक घरांत आढळतो. तो कटाक्षाने सोडला पाहिजे. पिकलेल्या केळ्यांच्या घडाजवळही फुले ठेवू नयेत.

या चारही कारणांचा विचार केल्यावर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कोणतेही द्रव्य फुलाला नवे आयुष्य देत नाही. ऊन, हयगय आणि घाण यांमुळे वाया जाणारे आयुष्य तेवढे वाचविता येते. म्हणून काळजी आधी आणि औषध नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये.

मोगऱ्याची तोडणी

माळेसाठी पूर्ण वाढलेली, पांढरीशुभ्र परंतु न उमललेली कळी निवडावी. हिरवट झाक असलेली कळी तोडल्यास ती पुढे नीट उमलत नाही आणि तिला सुगंधही कमी येतो. फुगून तोंड सुटण्याच्या बेतात असलेली कळी मात्र रात्र पडण्यापूर्वीच उमलते. तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. कळी नखाने न खुडता तिच्या लहान देठासह अलगद काढावी, कारण मुठीत दाबली गेलेली कळी प्रथम तपकिरी पडते. पाकळीच्या पेशी फुटल्या की आतील द्रव्यांचा हवेशी संयोग होतो आणि डाग उमटतो. चिरलेले वांगे काळे पडते, तसाच हा प्रकार आहे.

तोडलेल्या कळ्या झाडाखाली उन्हात ठेवू नयेत. रुंद, उथळ परडीत केळीचे पान अंथरून त्यावर त्या पातळ थरात पसराव्यात आणि लगेच सावलीत न्याव्यात. डागाळलेल्या आणि किडक्या कळ्या त्याच वेळी निवडून काढाव्यात. एक कुजकी कळी सबंध परडी बिघडविते.

वाहतूक आणि साठवण

केळीचे पान, ओले फडके आणि केळीच्या सोपटाचा दोरा ही गोमंतकातील फुलकारांची जुनी साधने आहेत. आजच्या शास्त्राच्या कसोटीवरही ती उतरतात. केळीचे पान गुळगुळीत असल्याने कळी घासली जात नाही, आणि पानातील ओलावा भोवतालची हवा कोरडी पडू देत नाही. ओले सोपट कळीला सुती दोऱ्यासारखे कापीत नाही.

ओल्या फडक्याविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. देशावरच्या कोरड्या हवेत पाणी लवकर उडते व त्यामुळे फडक्याखाली चांगला गारवा निर्माण होतो. कोकणपट्टीची हवा दमट असल्याने येथे तेवढा गारवा मिळत नाही. ओल्या फडक्याचा येथील मुख्य उपयोग कळीतील पाणी राखणे हा आहे. म्हणून फडके स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि परडीवर ताणून टाकावे. पाणी थेट कळ्यांवर शिंपडून त्या थबथबीत करू नयेत. अशा कळ्या सकाळी टवटवीत दिसल्या तरी दुपारी कुजू लागतात. ओहोळाचे अथवा गटाराजवळचे पाणी तर मुळीच वापरू नये.

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेविना चालणारा विटांचा शीतकक्ष विकसित केला आहे. विटांच्या दोन भिंती उभारून त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या पोकळीत वाळू भरतात आणि ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवितात. दमट हवेत या कक्षातील उष्णता फार उतरत नसली तरी आतील ओलावा चांगला टिकतो. घराच्या मागील पडवीत, सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी असा कक्ष अल्प खर्चात बांधता येतो.

कळ्या लांब पाठवायच्या असतील तर थर्मोकोलच्या पेटीत तळाशी बर्फाचे खडे बंद पिशवीत घालून ठेवावेत. त्यावर जाड कागदाचे दोन पदर द्यावेत आणि मग कळ्यांच्या पिशव्या रचाव्यात. बर्फ किंवा त्याचे पाणी कळीला लागू देऊ नये. पिशवीला बारीक छिद्रे असावीत, अन्यथा आत घाम साचून बुरशी येते. दुकानावर सर्व माळा एकदम टांगून न ठेवता तासा-दीड तासाच्या विक्रीपुरत्या बाहेर काढाव्यात. विजेच्या प्रखर दिव्याखाली लोंबणारी माळ गिऱ्हाइकाचे लक्ष वेधते हे खरे, पण तीच माळ प्रथम सुकते.

जत्रेच्या फुलाला औषध लावावे काय?

दक्षिण भारतात मोगरा दूरच्या बाजारपेठांत पाठविताना कळ्यांना बोरिक आम्लाच्या सुमारे चार टक्के द्रावणाची प्रक्रिया देण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्यामुळे कळी उशिरा उमलते आणि तपकिरीपणा लांबतो. हे वाचून येथील एखादा उत्साही तरुण तसा प्रयोग करू पाहील, हे अगदी संभवनीय आहे.

तथापि बोरिक आम्ल पोटात गेल्यास अपायकारक असते. झुरळे मारण्यासाठी त्याचा उपयोग करतात. देवाला वाहिलेले फूल प्रसाद म्हणून भाविकाच्या हाती येते. ते तो डोळ्यांना लावतो, स्त्रिया केसांत माळतात, लहान मूल सहज तोंडातही घालते. तीर्थाच्या भांड्यात पाकळ्या पडतात. धोंडाच्या गळ्यातील माळ घामाने भिजलेल्या अंगावर रात्रभर असते. म्हणून पूजेच्या, प्रसादाच्या आणि अंगावर धारण करण्याच्या फुलांना कोणतेही रासायनिक द्रव्य लावू नये, हेच योग्य. चोवीस तासांची मजल पहाटेची तोडणी, सावली, ओलावा आणि बर्फाची पेटी यांच्या बळावर गाठता येण्याजोगी आहे.

फुलदाणीतील फूल

सभासमारंभात, कार्यालयात आणि हॉटेलांत लांब दांड्याची फुले लागतात. गुलाब, जरबेरा, निशिगंध, ग्लॅडिओलस ही फुले बेळगाव व त्यापलीकडील भागांतून गोव्यात येतात, तर ऑर्किड आणि अँथुरियम येथील दमट हवेत सावलीच्या जाळीखाली चांगली पिकतात. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील ज्यांच्यापाशी थोडी जमीन आणि बारमाही पाणी आहे, त्यांना हा जोडधंदा करता येईल. या फुलांसाठी परिरक्षक द्रावणाचा खरा उपयोग आहे, कारण ती पाण्यात उभी राहतात आणि दांड्यातून द्रावण वर ओढून घेतात.

चांगल्या द्रावणात तीन घटक असतात. साखर ही फुलाची शिदोरी. आम्ल हा दुसरा घटक. किंचित आंबट पाणी दांड्यातून सुलभतेने चढते आणि त्यात जंतूंची वाढ मंदावते. तिसरा घटक जंतुनाशक. दांड्यातील सूक्ष्म नळ्या जंतूंच्या बुळबुळीत थराने बुजतात आणि फूल पाण्यात उभे असूनही तहानेने माना टाकते. जरबेऱ्याची मान वाकते ती बहुधा यामुळेच.

घरच्या घरी द्रावण पुढीलप्रमाणे तयार करावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, साखर विरघळवावी. त्यात गाळलेल्या लिंबाच्या रसाचा एक लहान चमचा घालावा. पाणी ढवळून झाल्यावर शेवटी कपडे धुण्याच्या साध्या, बिनरंगाच्या द्रवरूप ब्लीचचे दहा ते पंधरा थेंब सोडावेत. लिंबाचा रस आणि ब्लीच पाण्यावाचून एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यातून घातक क्लोरीन वायू निघतो. भांडे काचेचे अथवा चिनी मातीचे असावे, तांब्या-पितळेचे नसावे. दर दोन दिवसांनी द्रावण बदलावे. जरबेऱ्यासाठी साखर निम्मी करावी. हे पाणी मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्यात ठेवू नये.

द्रावण कितीही चांगले असले तरी पुढील नियम पाळल्यावाचून त्याचा गुण येत नाही. फुलदाणी साबणाने घासून धुवावी. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकावीत. दांड्याचे टोक धारदार सुरीने, पाण्यात बुडवून धरून, दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे, म्हणजे नळ्यांत हवा शिरत नाही. बोथट कात्रीने दांडा चेचला जातो. फुलदाणी उन्हाच्या खिडकीत, पंख्याखाली किंवा फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये.

काढणीची अवस्थाही जातीनुसार निराळी असते. गुलाब बाहेरची एक-दोन पाकळ्या सुटू लागताच काढावा. निशिगंधाच्या दांड्यावरील खालची एक-दोन फुले उमलली की तो कापावा. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांत रंग दिसू लागणे पुरेसे असते. जरबेरा आणि डेंड्रोबियम ऑर्किड मात्र घाईने काढू नये. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीतील बाहेरची दोन-तीन वलये उमललेली असावीत आणि ऑर्किडच्या तुऱ्यावरील सुमारे तीन चतुर्थांश फुले उमललेली असावीत. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातील फुले असल्यामुळे ती घरगुती शीतकपाटात ठेवू नयेत. दहा अंशांखालील थंडीत त्यांच्यावर काळपट डाग पडतात. गुलाबाला मानवणारी थंडी त्यांना मानवत नाही.

बाजारातील द्रव्ये आणि रूढ समजुती

इथिलीनचा परिणाम रोखण्यासाठी चांदीचा थायोसल्फेट क्षार गुणकारी असल्याचे हॉलंडमधील संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले आणि कार्नेशनच्या व्यापारात त्याचा प्रसार झाला. परंतु चांदी हा जड धातू आहे. वापरलेले द्रावण ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतल्यास पाण्यातील जीवांना अपाय होतो. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठात वायुरूपाने वापरावयाचे निराळे द्रव्य पुढे आले आणि चांदीची गरज कमी झाली. लहान बागायतदाराने चांदीच्या क्षाराच्या मागे लागू नये. तयार पुड्या विकत घ्यावयाच्या झाल्यास वेष्टनावरील प्रमाण वाचूनच वापराव्यात. जास्त घातल्याने जास्त लाभ होतो हा समज चुकीचा आहे. फाजील साखरेने आणि औषधाने पानांच्या कडा करपतात.

पाण्यात नाणे टाकण्याची रूढीही पुष्कळ ठिकाणी दिसते. तांब्यात जंतुनाशक गुण आहे, पण धातूचे नाणे पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि आजची नाणी शुद्ध तांब्याची नाहीतही. ॲस्पिरिनच्या गोळीने पाणी थोडे आंबट होते, परंतु फुलाला साखर मिळत नाही. नुसती साखर घालणे तर सर्वांत वाईट. तिच्यावर फुलाआधी जंतूच ताव मारतात.

शाळांसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. एकाच दिवशी काढलेली, सारख्या उंचीची नऊ फुले घ्यावीत. तीन सारख्या काचेच्या बाटल्यांत अनुक्रमे साधे पाणी, केवळ साखरेचे पाणी आणि वर सांगितलेले पूर्ण द्रावण भरावे व प्रत्येकीत तीन फुले ठेवावीत. द्रावणे शिक्षकांनी स्वतः तयार करावीत. विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी पाण्याची उंची, त्याचा गढूळपणा, वास आणि फुलांची स्थिती यांची नोंद ठेवावी. कोणत्या बाटलीतील पाणी प्रथम गढूळ होते हे पाहिल्यावर साखर आणि स्वच्छता यांचा संबंध मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घरी फुलांचा व्यवसाय करणाऱ्या मुलांना आपल्या आईच्या ओल्या फडक्यामागील शास्त्रही या निमित्ताने कळेल.

ग्रामसंस्था आणि अधिकारी यांचे कर्तव्य

जत्रेच्या ठिकाणी फूलविक्रेत्यांसाठी सावलीची जागा, पिण्याच्या दर्जाचे पाणी आणि बर्फ मिळण्याची सोय एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी नुकसानीचा मोठा भाग टळेल. या गोष्टी खर्चिक नाहीत. त्यांसाठी ग्रामपंचायत, देवस्थान आणि कृषी खाते यांनी जत्रेपूर्वी एकत्र बसून आखणी करणे तेवढे आवश्यक आहे. जुने गोवे येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीविषयक संशोधन संस्था आहे. नवीन लागवड करू इच्छिणाऱ्यांनी जाती निवडण्यापूर्वी तेथील तज्ज्ञांचा आणि विभागीय कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

निर्माल्याचाही विचार याच आखणीत व्हावा. औषध न लावलेल्या फुलांचे उत्तम खत होते आणि ते पुन्हा मोगऱ्याच्या बुंध्याशी घालता येते. दोरे आणि पिशव्या वेगळ्या काढून फुले खड्ड्यात टाकण्याची व्यवस्था असल्यास तळीचे पाणीही स्वच्छ राहील.

मोगऱ्याची कळी एका रात्रीची असते. ती आठवडाभर टिकावी अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. तिने होमकुंडापर्यंतची ती एक रात्र पांढरीशुभ्र राहून काढावी, एवढीच धोंडाची आणि माळ विकणाऱ्या बाईची इच्छा असते. येत्या हंगामात प्रत्येक विक्रेत्याने एका परडीवर जुनी पद्धत आणि दुसऱ्या परडीवर येथे सांगितलेली पद्धत वापरून पाहावी, दोहोंतील खराब कळ्या मोजाव्यात आणि जी पद्धत फायद्याची ठरेल तीच पुढे चालवावी.